व्हीपीएस देणं वेगळं, होस्टिंग देणं वेगळं

घरी बऱ्यापैकी रॅमचा सर्व्हर चालू असला की दारव्हा-दिग्रसकडची पोरं हमखास विचारतात, "यातली जागा भाड्यानं दिली तर?" देता येते. पण काय देताय, ते आधी ठरवा.

व्हीपीएस, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, हे मक्त्यानं दिलेलं वावर. प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरचे अनेक भाग करणारं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीन काढायचं, २ कोअर, ४ जीबी रॅम, आणि सगळे अधिकार देणारा रूट पासवर्ड गिऱ्हाइकाच्या हवाली. आत तो काय पेरतो, ते तुम्ही पाहत नाही. होस्टिंगमध्ये चावी तुमच्याकडेच असते. कृषी केंद्राची वेबसाइट असो की जिनिंगचा हिशेब, अपडेट, बॅकअप आणि रात्री येणारे फोन तुमच्याच डोक्यावर.

म्हणून व्हीपीएस सोपं वाटतं. फसगत इथंच होते. त्या मशीनमधून कोणी स्पॅम सोडला किंवा हल्ला केला, तर बाहेर दिसतो तो तुमच्या जोडणीचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि विचारपूस तुमच्याच दारात येते. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएस देणाऱ्यांचा थेट उल्लेख आहे: गिऱ्हाइकाचं खातरजमा केलेलं नाव-पत्ता, फोन, दिलेले आयपी, हे सगळं तो सोडून गेल्यावरही किमान ५ वर्षं जपायचं. १८० दिवसांचे लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, ठेवणं आणि ६ तासांत घटना कळवणं, हे तर होस्टिंगवाल्यालाही चुकत नाही.

आणि आयपी तरी तुमचा आहे का? राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या टप्प्यातला दिसला, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीनं एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. वेबसाइट टनेलमधून, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरमार्गे, निभते. व्हीपीएसवाला मात्र स्वतःचा पब्लिक आयपी मागणारच. घरगुती प्लॅनच्या अटीही वाचा, पुनर्विक्रीला बहुतेकदा मनाई असते.

विजेचं काय सांगावं! ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे महिन्याला जेमतेम ४३ मिनिटं बंद. मृगाच्या पहिल्या वादळात डीपी उडाली तर तेवढा वेळ वायरमनला फोन लावण्यातच जातो. तुमचा सर्व्हर इन्व्हर्टरवर तगेल हो, पण फायबरवाल्याच्या टोकाची बॅटरी उतरली की नेट गेलंच. साध्या वेबसाइटची प्रत बाहेर दुसरीकडं ठेवता येते, दुसऱ्याच्या व्हीपीएसची नाही.

माझ्या मते तालुक्यातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना होस्टिंग द्यावं, तेही करारात अपटाइमचा आकडा न लिहिता. व्हीपीएसचा हात बसवायचाच असेल, तर मित्राला फुकट द्या, त्याचं मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (घरच्या नेटवर्कपासून तोडलेल्या भागात) टाका आणि बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे ईमेल पाठवायची वाट, बंद ठेवा.