संप्रेरके आणि मुलांचे वजन-पोषण : खानदेश

भूक, अन्नाची साठवण, उंची आणि वयात येणे यांचे नियमन करणारी, ग्रंथींतून तसेच चरबी, जठर, यकृत यांतूनही रक्तात सोडली जाणारी द्रव्ये म्हणजे संप्रेरके अथवा हार्मोन. मुलाचे वजन संप्रेरकांवर अवलंबून असते, हे सर्वांना ठाऊक असते. संप्रेरकांची पातळी ताटात काय पडते यावर अवलंबून असते, ही दुसरी बाजू मात्र विसरली जाते आणि व्यवहारात तीच अधिक कामाची आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात ती स्पष्ट दिसते. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत कुपोषण जुने आहे, तर जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत लठ्ठ शाळकरी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत.

भुकेची यंत्रणा उशिरा उलगडली. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन १९९४ मध्ये अमेरिकी संशोधक जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. साठा पुरेसा आहे, ही खबर ते मेंदूतील अधश्चेतकाला, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या भागाला (हायपोथॅलॅमस), देते. रिकाम्या जठरातून स्रवणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये ओळखले गेले. लेप्टिन जन्मतःच नसल्यामुळे प्रचंड लठ्ठ होणारी मुले जगभरात अगदी मोजकी आहेत. एरवीच्या लठ्ठ मुलांत लेप्टिन भरपूर असते, मेंदू त्याला दाद देत नाही. अपुऱ्या झोपेने घ्रेलिन वाढते, म्हणून रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारे मूल अवेळी खायला मागते.

उपासमारीत शरीर जो बंदोबस्त करते, तो संप्रेरकांच्याच हाताने. इन्सुलिन घटते. थायरॉइडचे कार्यक्षम रूप असलेले टी-३ उतरते, त्यामुळे मूल थंड व मलूल पडते. ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल वाढते आणि स्नायू मोडून त्यातील अमिनो आम्ले यकृताला पुरवते. वृद्धी संप्रेरक कमी होत नाही, उलट वाढते. पण त्याच्या हुकमाने यकृतात तयार होणारा आयजीएफ-१ हा घटक प्रथिने व उष्मांकांअभावी बनत नाही, आणि हाडांची वाढ थांबते. म्हणून खुजेपणावर वाढीचे इंजेक्शन हा सातपुड्यातला उपाय नव्हे. तिथे संप्रेरक हजर असते, अन्न नसते. हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी सुकटी (अंग वाळवणारे कुपोषण) व सूजयुक्त कुपोषण यांतील फरकही याच अंगाने मांडला : सुकलेल्या मुलात हा बंदोबस्त जमलेला असतो, सुजलेल्यात तो कोसळलेला असतो. सूज असलेले मूल वजनकाट्यावर बरे दिसते, हा त्यातला धोका. अंगणवाडी सेविका पायावर अंगठा दाबून खळगा पडतो का पाहते, ते यासाठी.

सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंमी.पेक्षा कमी भरला की त्याची नोंद ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, अशी होते. भूक मेलेली किंवा आजारी असलेली अशी बालके पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केली जातात. तिथे पहिल्याच दिवशी भरपेट जेवू घालत नाहीत. दीर्घ उपासानंतर अचानक पिष्ट पोटात गेले की इन्सुलिन उसळते, रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून आरंभी १०० मिलि.मध्ये ७५ उष्मांक असलेले एफ-७५ हे दूध थोडे थोडे, रात्रीसुद्धा, दिले जाते आणि भूक परतल्यावर एफ-१००. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेले की भरत आलेले वजन पुन्हा उतरते; त्याला औषधशास्त्रात उत्तर नाही.

लठ्ठपणाचे मूळ बऱ्याचदा जन्माआधीच रोवलेले असते. मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुणे परिसरातील अभ्यासात तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो आढळले. भारतीय बाळ हडकुळे असले तरी त्वचेखालची चरबी त्याने तुलनेने राखलेली होती. असे बाळ पुढे चहा-खारी, बिस्किटे, कुरकुरे यांवर वाढले की चरबी पोटावर साठते व इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. इन्सुलिन वाढत गेल्याने मानेभोवती व काखेत काळपट, मखमली पट्टा उमटतो. घरचे तो मळ समजून दगडाने घासतात. तपासायची असते ती रक्तशर्करा. यात केळ्याला उगाच दोष दिला जातो. रावेर-यावलच्या एका केळ्यात सुमारे १०० उष्मांक असतात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीइतका प्रामाणिक आहार शहरी डब्यात क्वचितच सापडतो.

‘थायरॉइड असेल’ हे लठ्ठ मुलाबाबत पालकांचे आवडते निदान. ते बहुधा चुकते, आणि ओळखण्याची खूण सोपी आहे : उंची. जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल वयाच्या मानाने उंच असते. थायरॉइडची कमतरता किंवा कॉर्टिसॉलचा अतिरेक असलेले मूल फुगते, पण त्याची उंची अडते. वजनासोबत उंची नोंदवली नाही, तर हा भेद हाती लागत नाही. कॉर्टिसॉलसारखा परिणाम बाहेरूनही येतो. ‘पोऱ्या काही खात नही’ म्हणून वजन वाढवायला आणलेल्या निनावी पुडीत स्टेरॉइड असू शकते. चेहरा गोल होतो, घरचे खूश होतात, उंची थांबते; पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतते. याच्या उलट, भरपूर खाऊन-पिऊन वाळणारे व अंथरूण ओले करू लागलेले मूल पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे असू शकते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन मिळालेला पहिला रुग्ण, लिओनार्ड थॉम्पसन, हा असाच वाळलेला १४ वर्षांचा मुलगा होता.

थायरॉइड संप्रेरक आयोडीनवाचून बनत नाही. भारतात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. बाजारात उघडे मिळणारे खडेमीठ आयोडीनयुक्त असेलच असे नाही. लोहही लागते, कारण हे संप्रेरक घडवणारे विकर (एन्झाइम) लोहयुक्त असते. रक्तक्षय असलेल्या मुलीचा थायरॉइडही त्यामुळे मंदावतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी मळमळते म्हणून फेकली जाते. ती जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो.

मुलींत ८ ते १३, मुलांत ९ ते १४ या वयात यौवनारंभ होतो. पुरेसे लेप्टिन ही त्याची एक पूर्वअट आहे. त्यामुळे लठ्ठ मुली लवकर, तर अतिकृश मुली उशिरा वयात येतात. इस्ट्रोजेनमुळे मुलींत चरबी, टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांत स्नायू वाढतात. मुलीचे या वयातील वजन नैसर्गिक असते आणि त्यासाठी तिच्या पुढची भाकर काढून घेणे चुकीचे. मात्र पाळी सतत लांबणे, चेहऱ्यावर लव आणि वाढते वजन एकत्र असतील तर पीसीओएस या अंडाशयाशी निगडित संप्रेरक-विकाराची तपासणी करतात. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात वाढ व यौवन दोन्ही रेंगाळतात. उशिरा वयात येणाऱ्या तिथल्या किशोराचे संप्रेरक मोजण्याआधी सिकलसेलची चाचणी करणे स्वस्त व शहाणपणाचे असते.