फिल्टर-इष्टतमीकरण, ध्वनी समायोजनातील

खोलीत, मोटारीत किंवा हेडफोनमध्ये मोजलेला ध्वनीचा प्रतिसाद ठरवून दिलेल्या लक्ष्य-वक्राच्या शक्य तितका जवळ यावा, यासाठी इक्वलायझरमधील (वारंवारतेनुसार आवाज कमीजास्त करणाऱ्या साधनातील) प्रत्येक फिल्टरची मध्यवारंवारता, गेन (वाढ किंवा घट) आणि क्यू (फिल्टर किती अरुंद हे सांगणारा आकडा) ही मूल्ये संगणकाकडून शोधून घेण्याची पद्धत. एकाहून अधिक सबवूफर (नीच स्वरांचे ध्वनिक्षेपक) असतील तर प्रत्येकाचा विलंब आणि ध्रुवताही (सिग्नल सुलटा की उलटा) या शोधात येते. व्यवहारात तिला ‘ऑप्टिमायझेशन’ किंवा ‘ऑटो-ईक्यू’ म्हणतात आणि गणिताच्या एका फेरीला ‘रन’. रूम ईक्यू विझार्ड (आरईडब्ल्यू), मल्टी-सब ऑप्टिमायझर (एमएसओ), व्हिटुइक्सकॅड आणि ऑटोईक्यू ही या कामाची परिचित सॉफ्टवेअरे आहेत. मापनाची रीत येथे गृहीत धरली आहे.

पूर्वपीठिका : बसवलेल्या ध्वनियंत्रणेचा प्रतिसाद विद्युत् फिल्टरांनी सुधारण्याची कल्पना संगणकाच्या बरीच आधीची आहे. आरसीए कंपनीतील जॉन व्होल्कमन यांनी १९३० च्या दशकात चित्रपटगृहासाठी बदलता इक्वलायझर वापरल्याचे सांगितले जाते. वेन रडमोझ यांनी डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावरील ध्वनिक्षेपण यंत्रणेवर केलेले काम १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकात टेक्सस विद्यापीठातील चार्ल्स बोनर यांनी फीडबॅक (माइक व ध्वनिक्षेपक यांच्यात उठणारी शीळ) मोडून काढण्यासाठी अतिशय अरुंद पट्ट्याचे फिल्टर वापरले आणि १९६७ च्या सुमारास ऑल्टेक लान्सिंगने एक-तृतीयांश सप्तकाच्या फिल्टरांची पद्धत बाजारात आणली. या ठरीव पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये वारंवारता आणि पट्ट्याची रुंदी आधीच पक्की असे. ठरवायचा उरे तो फक्त गेन, आणि त्यासाठी विश्लेषक व अनुभवी कान पुरेसे होते. शोधाचा खरा प्रश्न उभा राहिला तो तिन्ही मूल्ये मोकळी करणाऱ्या पॅरामेट्रिक इक्वलायझरमुळे.

त्याचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. ‘पॅरामेट्रिक’ हे नाव रूढ झाले ते जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिस येथील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात सादर केलेल्या निबंधामुळे. त्यामुळे बहुतेक संदर्भग्रंथ श्रेय त्यांनाच देतात. मात्र बर्जेस मॅकनील यांच्याबरोबर त्यांचे या दिशेचे काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच सुरू झाले होते आणि बॉब म्यूशॉ यांनी तीन पट्ट्यांचे, वारंवारता सरकवता येणारे उपकरण तयार केले होते. दुसरीकडे, ओहायोतील डॅनियल फ्लिकिंगर यांनी १९७१ मध्ये केलेला पेटंट-अर्ज १९७३ मध्ये मंजूर झाला. त्यांच्या मिक्सिंग कन्सोलमध्ये सरकत्या वारंवारतेचा इक्वलायझर होता. मॅसेनबर्ग यांनी स्वतःही नंतर हे श्रेय चौघांत वाटले जाऊ शकते असे मान्य केले आहे. वारंवारता सरकवता येणे एवढीच कसोटी धरली तर फ्लिकिंगर यांचा दावा डावलता येत नाही. तिन्ही मूल्ये एकमेकांना धक्का न लावता बदलता यावीत ही कसोटी लावली तर मॅसेनबर्ग यांच्याकडे झुकते माप द्यावे लागते, आणि ऑप्टिमायझेशनच्या दृष्टीने तीच कसोटी महत्त्वाची आहे. एक चल हलवताना बाकीचे आपोआप हलत असतील तर शोध भरकटतो.

ध्वनिक्षेपकांच्या आराखड्यात संगणकीय शोध १९८० च्या दशकात स्थिरावला. विटोल्ड वॉल्डमन यांनी घरगुती संगणकावर बहुमार्गी ध्वनिक्षेपकाचे अनुकरण व ऑप्टिमायझेशन कसे करावे हे १९८८ मध्ये मांडले. त्यांच्या कॅलसॉड या प्रणालीत चल म्हणून क्रॉसओव्हरमधील (ध्वनिक्षेपकांत वारंवारता वाटून देणाऱ्या मंडलातील) कॉइल, कपॅसिटर व रोधक यांची मूल्ये असत. डिजिटल फिल्टर स्वस्त झाल्यावर त्यांची जागा बायक्वाडच्या (दुसऱ्या घाताच्या डिजिटल फिल्टरच्या) मूल्यांनी घेतली.

उद्दिष्टफल : ऑप्टिमायझर वक्र पाहत नाही, एक आकडा पाहतो. मोजलेला प्रतिसाद आणि लक्ष्य यांतील डेसिबलमधला फरक प्रत्येक वारंवारतेला काढून त्याचा वर्ग करायचा, त्याला भार द्यायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. हे उद्दिष्टफल जितके लहान तितका रन यशस्वी. बिंदू कसे घेतले यावरही निकाल ठरतो. १ हर्ट्झच्या अंतराने बिंदू घेतले तर २० ते ४० हर्ट्झ या सप्तकाला सुमारे २० आणि १०० ते २०० हर्ट्झला सुमारे १०० बिंदू मिळतात. म्हणजे वरच्या सप्तकाचे मत पाचपट जड होते. म्हणून बिंदू लॉगॅरिदमी अंतराने घेण्याची प्रथा आहे.

उंचवटे आणि खळगे यांना समान भार द्यावा काय, हा दुसरा प्रश्न. रोलांड ब्यूकलाइन यांनी १९६२ मध्ये दाखवले की, प्रतिसादातील उंचवटा कानाला जितका जाणवतो तितका त्याच मापाचा खळगा जाणवत नाही. त्यामुळे असमान भार शास्त्राला धरून आहे. शिवाय दोन लहरी एकमेकींना खोडून पडलेला खळगा गेन वाढवून भरत नाही. मूळ लहर वाढते तसे तिचे परावर्तनही वाढते आणि खोडणे चालूच राहते. वर्धकाला मात्र किंमत मोजावी लागते : ६ डेसिबलसाठी चौपट शक्ती, १० डेसिबलसाठी दसपट. मर्यादा घातली नाही तर ऑप्टिमायझर नेमके इथेच जोर लावतो, कारण सर्वांत मोठी त्रुटी तिथेच असते. आरईडब्ल्यूमध्ये एकेका फिल्टरची आणि सर्वांची मिळून अशी दोन कमाल वाढीची बंधने वेगळी देता येतात ती यासाठीच.

शोधाच्या पद्धती : या फलाला एकच तळ नसतो. सहा फिल्टरांची एखादी उत्तम मांडणी सापडली, तर फिल्टरांची केवळ अदलाबदल करून तीच मांडणी ७२० प्रकारे लिहिता येते. त्यांच्या अधेमधे कमी प्रतीचे असंख्य तळ असतात. लेव्हेनबर्ग (१९४४) व मार्क्वार्ट (१९६३) यांची उताराच्या दिशेने जाणारी पद्धत किंवा नेल्डर आणि मीड यांची उतार न काढणारी पद्धत (१९६५) जवळच्या तळाशी झपाट्याने पोचते. पण जवळचा तळ कोणता, हे सुरुवात कोठून केली यावर अवलंबून असते. म्हणूनच सर्वांत मोठ्या उंचवट्यावर पहिला फिल्टर, उरलेल्यातील मोठ्यावर दुसरा, अशी आधी ढोबळ मांडणी करून मग बारीक शोध लावणे सोयीचे पडते.

चलांची संख्या वाढली की हे पुरत नाही. चार सबवूफर, प्रत्येकी तीन फिल्टर, शिवाय गेन आणि विलंब असे धरले तर चले होतात ४४. प्रत्येकासाठी दहाच मूल्ये तपासायची म्हटली तरी १० चा ४४ वा घात इतके पर्याय होतात. अशा वेळी यादृच्छिक पद्धती लागतात. राइनर स्टॉर्न व केनेथ प्राइस यांनी १९९५ मध्ये मांडलेली डिफरन्शियल इव्होल्यूशन ही त्यांतील सुटसुटीत म्हणावी अशी. उमेदवार-मांडण्यांचा एक गट घ्यायचा, त्यांतील दोघांच्या फरकाला एका गुणकाने गुणून तो तिसऱ्यात मिळवायचा, आलेल्या मांडणीची चालू उमेदवाराशी सरमिसळ करायची आणि ती सरस ठरली तरच ठेवायची. गट विखुरलेला असेपर्यंत उड्या मोठ्या पडतात. तो एकवटू लागला की त्या आपोआप लहान होतात. अशा पद्धतीत दोन रन एकच उत्तर देतील याची हमी नसते. दोन उत्तरांची त्रुटी जवळपास सारखी आणि फिल्टर मात्र अगदी निराळे, असे सर्रास घडते. एकाच वारंवारतेवर एक फिल्टर १० डेसिबल वाढवतो आणि शेजारचा ९.५ डेसिबल घटवतो, अशी जोडीही दिसते. आकडा खाली येतो, पण फिल्टर वाया जातात आणि हेडरूम (विकृतीविना आवाज वाढवण्याची शिल्लक) खर्ची पडते. फिल्टरांची संख्या घटवून पुन्हा रन घेणे हा त्यावरचा साधा इलाज.

क्यूच्या व्याख्या : सॉफ्टवेअरने काढलेला क्यू उपकरणात तसाच भरला आणि प्रतिसाद जुळला नाही, तर दोष बहुधा व्याख्येचा असतो. रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, पॅरामेट्रिक बायक्वाडचे गुणांक काढण्याच्या प्रचलित रीती मुळात समतुल्य आहेत, त्यांच्यातला फरक पट्टारुंदीच्या व्याख्येत आहे. त्यांच्या ‘कुकबुक’ सूत्रांत गेन जितके डेसिबल असेल त्याच्या निम्म्यावर रुंदी मोजतात. त्यानुसार १२ डेसिबल वाढवणारा, क्यू ४ असलेला फिल्टर घेतला तर त्याच्या ध्रुवबिंदूंचा (फिल्टरच्या सूत्रातील छेद जिथे शून्य होतो त्यांचा) क्यू ८ भरतो. ध्रुवबिंदूंचा क्यू हाच क्यू मानणाऱ्या उपकरणात ४ भरल्यास फिल्टर दुपटीने रुंद होईल.

नीच स्वरांत हा फरक केवळ वक्राच्या आकारापुरता राहत नाही. खोलीतील ४० हर्ट्झचा एक मोड (खोलीच्या मापांमुळे होणारा अनुनाद) घेऊ. त्याचा क्यू १० असेल तर त्याचा ६० डेसिबल विझण्याचा काळ २.२ × १० ÷ ४०, म्हणजे ०.५५ सेकंद. त्यावर कुकबुक व्याख्येने क्यू ५ असलेला १२ डेसिबल घटीचा फिल्टर लावला, तर त्याचे शून्यबिंदू (सूत्रातील अंश जिथे शून्य होतो ते) मोडच्या ध्रुवबिंदूंवर बरोबर बसतात. मागे उरतात ते क्यू २.५ चे ध्रुवबिंदू, आणि विझण्याचा काळ सुमारे ०.१४ सेकंदावर येतो. म्हणजे उंचवट्याबरोबर घुमणेही जाते. क्यू चुकला तर वक्र बराचसा सपाट दिसतो, पण घुमणे काही अंशी शिल्लक राहते.

गुणांकांचीही एक अडचण आहे. ४८,००० हर्ट्झ नमुनादराला ४० हर्ट्झच्या अरुंद फिल्टरचा एक गुणांक जवळजवळ −२ येतो, पहिला फरक दिसतो तो दशांश चिन्हापुढे चौथ्या-पाचव्या स्थानी. त्यामुळे निर्यात करताना अंक छाटले की फिल्टर जागचा हलतो. काही उपकरणांना छेदातील गुणांकांची चिन्हे उलट लागतात. मिनीडीएसपीची उपकरणे यातलीच.

किती वारंवारतेपर्यंत : या विषयातील सर्वांत जुना वाद हा. खोलीचे मोड कोठपर्यंत सुटे ओळखू येतात हे सांगणारी श्रोडर-वारंवारता त्यात वारंवार उद्धृत होते. मानफ्रेड श्रोडर यांनी १९५४ मध्ये ती मांडली तेव्हा सूत्रातला स्थिरांक ४००० होता, कारण त्यांनी मोडांचे दहापट आच्छादन (एका मोडच्या रुंदीत सरासरी दहा मोड) धरले होते. १९६२ मध्ये कुट्रुफ यांच्यासह केलेल्या कामात तिप्पट आच्छादन पुरेसे मानून तो २००० वर आणला. निनादकालाला (सेकंद) घनफळाने (घनमीटर) भागून वर्गमूळ काढायचे आणि २००० ने गुणायचे, हे आजचे रूप. ५ × ४ × ३ मीटरच्या, अर्धा सेकंद निनादकालाच्या खोलीसाठी उत्तर येते सुमारे १८३ हर्ट्झ. जुन्या स्थिरांकाने ३६५. मुळात हे सूत्र मोठ्या दालनांसाठी होते. घरगुती खोलीत ते तंतोतंत लागू करण्यात अर्थ नाही, दिशा समजण्यापुरते घ्यावे.

ध्वनिक्षेपक-संशोधक फ्लॉइड टूल यांचे मत असे की, या संक्रमणपट्ट्याच्या खाली खोलीतील मापनावरून फिल्टर लावावेत. त्यावर मात्र प्रतिध्वनिरहित कक्षात घेतलेली ध्वनिक्षेपकाचीच मापने प्रमाण मानावीत. याउलट स्वीडनमधील उप्सालाच्या डिरॅक कंपनीने (स्थापना २००१) आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेल्या ऑडिसीने (२००२) संपूर्ण श्राव्य पट्ट्यात सुधारणा करणाऱ्या प्रणाली विकल्या आहेत. स्टीफन नीली व जॉन्ट ॲलन यांनी १९७९ मध्ये लहान खोलीच्या प्रतिसादाचा व्यस्त फिल्टर (तो पुरता उलटवणारा) केव्हा शक्य असतो हे तपासले. भिंतींचा परावर्तनांक सुमारे ०.४ च्या खाली असेल तरच प्रतिसाद किमान-कला (ज्याचा स्थिर व्यस्त फिल्टर निघतो असा) राहतो असे त्यांना आढळले, आणि राहत्या घरांच्या भिंती बहुधा याहून जास्त परावर्तन करतात. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या वर भरते, १००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर. डोके वीतभर हलल्यावर जो खळगा सरकतो, त्यावर फिल्टर लावून ऑप्टिमायझर फक्त माइकची जागा पाठ करतो. टूल यांची बाजू त्यामुळे अधिक भक्कम वाटते. व्यावसायिक प्रणालींची नेमकी उद्दिष्टफले बहुतांशी गोपनीय असल्याने त्यांची तुलना ऐकण्याच्या चाचण्यांपुरतीच राहते.

अनेक सबवूफर, अनेक आसने : एका आसनासाठी केलेली सुधारणा शेजारच्या आसनावर बिघाड करू शकते. हार्मन समूहातील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोलीत किती सबवूफर पुरतात याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चार भिंतींच्या मध्यांवर चार ठेवणे उत्तम आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यांवर दोन ठेवणे त्याच्या जवळपास, असा त्याचा निष्कर्ष होता. २००६ मध्ये त्यांनी व ॲलन डेव्हँटिअर यांनी सबवूफरनिहाय गेन, विलंब व फिल्टर बदलून आधी आसना-आसनांतील तफावत घटवण्याची पद्धत दिली. सर्वांना सामाईक इक्वलायझर त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. सामाईक फिल्टर सगळ्या आसनांचा वक्र एकसारखा वरखाली करतो, त्यांच्यातली तफावत त्याने मिटत नाही.

एमएसओ याच विचारावर चालते. त्याला प्रत्येक सबवूफरचे प्रत्येक आसनावरील मापन कलेसह (लहर कोणत्या टप्प्यावर आहे त्यासह) द्यावे लागते आणि सर्व मापनांचा कालसंदर्भ एकच असावा लागतो. यूएसबी माइकने संदर्भाविना घेतलेल्या मापनांत दर वेळी सुरुवातीचा क्षण वेगळा पडतो. गणित त्यावरही सुरळीत चालते आणि देखणा वक्र काढून देते, पण प्रत्यक्ष खोलीत बेरीज तशी होत नाही. म्हणून फिल्टर भरल्यावर सगळे सबवूफर एकत्र वाजवून पुन्हा मापन घेतात व भाकिताशी ताडून पाहतात.

हेडफोन व मोटार : हेडफोनमध्ये खोली नसल्याने प्रश्न सोपा होतो आणि फिल्टर थोडे लागतात. ऑटोईक्यू प्रकाशित मापनांवरून अशी मूल्ये काढते. तरी कर्णपाळीशी निगडित वरच्या वारंवारता व्यक्तीगणिक बदलतात. मोटारीत आसने ठरलेली आणि पोकळी लहान असल्यामुळे विलंबाला फिल्टरइतकेच महत्त्व येते.