शहरातले गरम कुंड आणि सॉना : पार्श्वभूमी

गरम पाण्याचा हौद, सॉना आणि बर्फगार पाण्याची डुबकी हे तिन्ही एकाच तिकिटात देणाऱ्या जागा गेल्या काही वर्षांत पुण्यात दिसू लागल्या आहेत. जाहिरातीत बांबू, गुळगुळीत काळे दगड, भरपूर वाफ आणि बऱ्याचदा 'हॉट स्प्रिंग' हे दोन शब्द असतात. झरा मात्र शहरात कुठेच नाही. तो घाटाखाली आहे.

तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ आणि राजवाडी, आणि पुढे राजापूर, अशी ही माळ सह्याद्रीला समांतर उतरत जाते. पाण्याचे तापमान ठिकाणानुसार साधारण ४० ते ७० अंश. याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. पावसाचे पाणी जमिनीतल्या भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते, एवढाच मामला. पुण्याखाली अशी वाट देणारी भेग नाही. आहे तो बेसाल्टचा जाड थर. कोयनेजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडले, तेव्हा हा थर ९०० मीटरहून जाड निघाला आणि ग्रॅनाइट त्याच्याही खाली लागला. अष्टविनायकाला जाताना पालीच्या देवळानंतर उन्हेऱ्याला वळलेल्या पुणेकरांना खरा झरा कसा असतो हे ठाऊक आहे. गंधकाचा वास, बसून बसून गुळगुळीत झालेला दगडी काठ, आधी घोटे, मग पोटऱ्या असे करत आत उतरणारी माणसे आणि काठावरून घाई करणारा कोणीतरी. तिकीट नाही, टॉवेल आपापला.

शहराचा आंघोळीचा इतिहास थंड पाण्याचा. पेशवाईत कात्रजच्या तलावातून दगडी नळाने आणलेले पाणी पेठांतल्या हौदांत पडत असे, आणि ते तापवण्याची सोय ज्याची त्याने करायची. वाड्याच्या न्हाणीघरात त्यासाठी तांबट आळीत घडलेला बंब असे. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. जितके गरम काढाल तितके थंड वरून ओतायचे, नाहीतर पुढच्याच्या नावाने बोंब. अभ्यंगस्नान वर्षातून मोजक्या दिवशी, तेही पहाटे आणि घरातच. पैसे देऊन चारचौघांत गरम पाण्यात बसण्याची रीत या शहराची नव्हे.

घाम काढण्याची परंपरा मात्र जुनी आहे, आणि इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. चरकसंहितेत स्वेदाचे तेरा प्रकार आहेत. त्यातला जेन्ताक वाचला की सॉनाच समोर उभा राहतो : पाण्याच्या काठी गोलाकार कोठी, मध्ये लाकडे जळणारी भट्टी, भिंतीलगत फिरवलेला ओटा आणि त्यावर पडून घाम काढणारा माणूस. फरक शेवटी आहे. फिनलंडमध्ये बाहेर आल्यावर तळ्यात उडी मारतात. चरक बजावतो की बाहेर येताच थंड पाण्याला हात लावू नये, थोडा वेळ थांबून कोमट पाण्याने न्हावे. बर्फाच्या डुबकीला 'प्राचीन आयुर्वेदिक' ठरवणाऱ्या जाहिरातींनी हा भाग वाचलेला दिसत नाही.

त्यानंतरचा टप्पा निसर्गोपचाराचा. ताडीवाला रस्त्यावरचे उपचारगृह आणि १९४६ साली उरुळी कांचनला सुरू झालेला आश्रम यांमुळे मातीचे लेप, कटिस्नान आणि डोके बाहेर ठेवून बसायची वाफेची पेटी पुणेरी मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली. प्रेरणा गांधीजींची, हे पुण्यात सांगायला नको. तिथे वाफ म्हणजे पथ्य होते. जेवण बेतशीर, मीठ कमी, बोलणेही कमी. मजा म्हणून वाफ घेणे ही कल्पना खूप नंतर आली, तारांकित हॉटेलांच्या हेल्थ क्लबमधून आणि मग जिममधून.

आज पुण्यात ज्या जागांची नक्कल चालते त्या मूळच्या जपानी शहरांतल्या, आणि तिथल्या एका कायदेशीर व्याख्येचा वाद समजून घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

जपानने १९४८ साली उष्ण झऱ्यांचा कायदा केला. उगमापाशी निदान २५ अंश तापमान असलेले पाणी म्हणजे 'ओन्सेन'. किंवा, तेवढे तापमान नसले तरी, ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा ठरावीक प्रमाणात असला की पुरे. 'किंवा' या शब्दाने सगळा घोळ घातला. घटक असतील तर गारठलेले पाणीही ओन्सेन ठरते, तापवून हौदात सोडले की झाले. दुसरीकडे घटक काहीच नसले तरी २५ अंश भरले की काम होते. जर्मनीत ही रेघ २० अंशांवर आहे, पण जर्मनी थंड देश आहे. मूळ तत्त्व हे की झऱ्याचे पाणी त्या जागेच्या सरासरी तापमानापेक्षा स्पष्टपणे गरम हवे. एकच आकडा सगळीकडे लावला की गंमत होते. पुण्याचे वार्षिक सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास आहे आणि उथळ भूजल त्याच्याच जवळपास किंवा किंचित वर राहते. तो कायदा उद्या इथे लावला, तर धनकवडीतल्या एखाद्या सोसायटीची बोअर उष्ण झरा म्हणून नोंदवता येईल.

टोकियोत या व्याख्येने धंद्याचे दार उघडले. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पुरेसे खोल गेले आणि पाणी लागले, की २५ची रेघ कुठेही ओलांडता येते. पूर्वी टोकियोतल्या झऱ्याचे पाणी म्हणजे ओता वॉर्डातल्या न्हाणीघरांत येणारे, कुजलेल्या प्राचीन वनस्पतींमुळे चहासारखे काळे झालेले पाणी. २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी, बेसबॉलच्या मैदानाशेजारी, १७०० मीटर खोलीवरचे पाणी वर काढून मोठे स्नानगृह उघडले. त्याच वर्षी ओदाइबाच्या भराव घातलेल्या जमिनीवर एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, गल्लीचा देखावा करून दुसरे सुरू झाले. जमिनीचा करार संपल्यावर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ते बंद पडले. पालिकांनाही या नव्या विहिरींचे वावडे नव्हते, कारण ओन्सेनमध्ये न्हाणाऱ्याकडून माणशी साधारण १५० येन स्नानकर मिळतो.

मग दुखणी बाहेर आली. २००२ साली मियाझाकी प्रांतातल्या एका नव्या ओन्सेनमध्ये लिजिओनेला जिवाणूचा उद्रेक होऊन ७ माणसे दगावली. हा जिवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात शिरतो. तेच ते पाणी फिरवत ठेवणारे हौद आणि बुडबुडे काढणारे टब यांत त्याचे चांगले फावते. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या एका नामांकित ठिकाणी, दुधाळ पांढऱ्या पाण्यासाठीच लोक जिथे जात, तिथे त्या रंगासाठी पाण्यात पूड मिसळली जात असल्याचे उघड झाले. इतर ठिकाणची लपवाछपवीही मागोमाग आली. कुठे नळाचे पाणी तापवून झऱ्याचे म्हणून दिले जात होते, कुठे थोड्या झऱ्यात पुष्कळ नळ होता. २००७ च्या जूनमध्ये टोकियोच्या शिबुया भागात एका स्त्रियांसाठीच्या स्पामध्ये, खोल विहिरीतून पाण्याबरोबर आलेला मिथेन तळघरात साठून स्फोट झाला आणि तीन कर्मचारी स्त्रिया गेल्या. पुढच्या वर्षापासून ज्वलनशील वायूबद्दलचे नियम कायद्यात आले.

या काळातला २००५ चा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. पूड प्रकरणानंतर सरकारपुढे दोन वाटा होत्या. व्याख्या कडक करायची, म्हणजे निम्म्या शहरी ओन्सेनांची पाटी उतरवायची. नाहीतर व्याख्या तशीच ठेवून खरे काय ते लिहायला लावायचे. सरकारने दुसरी वाट धरली. पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, तेच पाणी फिरवून वापरले जाते का, आणि त्यात जंतुनाशक किंवा अन्य काही घातले आहे का, या चार गोष्टी कारणासह फलकावर लावणे सक्तीचे झाले. शुद्धतावाद्यांना हा पळपुटेपणा वाटला. त्यांच्या मते उगमातून थेट येऊन वाहून जाणारे पाणी तेच खरे, बाकी सगळे गरम पाण्याचे टाके. धंदेवाल्यांची तक्रार उलटी होती : क्लोरिन घालतो असे लिहिले तर गिऱ्हाईक पळेल, आणि न घालावे तर मियाझाकी.

मला स्वतःला सरकारचे बरोबर वाटते. शहरात शेकडो माणसे एका हौदात उतरणार असतील तर पाणी फिरवावे लागणार आणि क्लोरिनही लागणार. ते लपवण्यात फसवणूक आहे, घालण्यात नाही. आणि व्याख्या सैल राहिल्यामुळे पुढे काय काय घडले ते पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत टोकियोत तोयोसूच्या मासळीबाजाराशेजारी नवे बहुमजली स्नानगृह उघडले. त्याचे पाणी खालून येत नाही. हाकोने आणि युगावारा या डोंगराळ भागांतून टँकरने आणले जाते. कायदा उगमाशी पाणी मोजतो, त्यामुळे वाटेतल्या रस्त्याने त्याचा दर्जा जात नाही. वाघोली, उंड्री किंवा हिंजवडीत टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

सॉनाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. फिनलंडच्या सॉना संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, पण पुण्यात सॉना पोचला तो बिल्डरांच्या माहितीपत्रकातून. आयटीच्या भरभराटीत उभ्या राहिलेल्या मोठ्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये 'स्टीम, सॉना, जकुझी' ही त्रयी ठरलेली असे. स्टीममध्ये साधारण ४५ अंशांची दमट वाफ असते, सॉनात ८० ते १०० अंशांची कोरडी हवा. फिनलंडमध्ये तापल्या दगडांवर पळीने पाणी टाकून वाफेचा झोत घेणे हाच सगळ्या सोहळ्याचा गाभा आहे. इथल्या अनेक हीटरांशेजारी मात्र 'दगडांवर पाणी टाकू नये' अशी पाटी असते. वीजबिलावरून सर्वसाधारण सभेत खडाजंगी झाली की सॉना बंद पडतो आणि त्या लाकडी बाकांवर गणपतीच्या सजावटीचे थर्माकोल चढते. नव्या जागांनी हे बदलले एवढे त्यांच्या बाजूने म्हणावे लागेल. हीटर चालू, पाणी टाकायला परवानगी, बाहेर थंड डुबकीचा टब आणि भिंतीवर वाळूचे घड्याळ.

या धंद्याला पुण्यात आणखी एक ओझे आहे. 'स्पाच्या नावाखाली' या दोन शब्दांनी सुरू होणारी बातमी सकाळी चहाबरोबर येते. बनावट ग्राहक पाठवून खातरजमा, मग छापा, मग १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा, हा तिचा ठरलेला साचा. जपानमध्ये हाच प्रश्न 'तुर्की स्नान' या नावावर आला होता. शरीरविक्रयाच्या जागांना सर्रास तेच नाव होते. १९८४ मध्ये एका तुर्की तरुणाने आपल्या देशाच्या नावाची ही विटंबना थांबवा म्हणून आवाज उठवला, आणि धंद्याने स्वतःहून नवे नाव घेतले. पुण्यात असे काही झालेले नाही. म्हणून सरळमार्गी चालकांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे : 'स्पा' शब्द पाटीवरून काढायचा, 'बाथहाउस' किंवा 'वेलनेस' लिहायचे, मालिशच ठेवायची नाही, हौदात पोहण्याचा पोशाख सक्तीचा करायचा. जपानी ओन्सेनमध्ये विवस्त्र उतरतात, इथे कुटुंबे एकत्र उतरतात. हा बदल संकोचातून झाला हे खरे, पण पोलिसांच्या धास्तीचाही त्यात वाटा आहे.

राहिला पाण्याचा आणि विजेचा हिशोब. २० हजार लिटरचा हौद, म्हणजे दहा हजारी दोन टँकर, २५ वरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ३५० युनिट उष्णता लागते. उष्मापंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र, लावला तर विजेचा खर्च त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो, शिवाय रोजची वाफ उडून जाते ती वेगळीच. त्यामुळे हौद रोज रिकामा करून भरणे परवडत नाही आणि पाणी गाळून फिरवावेच लागते. उन्हाळ्यात धरणसाठ्याच्या बातम्या सुरू झाल्या की याकडे बोट दाखवले जाते. २०१६ च्या दुष्काळात मैदानावर मारायच्या पाण्यावरून उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे क्रिकेटचे सामने राज्याबाहेर हलवले होते, पुण्याचेही. बोअरचे पाणी वापरावे तर त्यात क्षार, आणि हीटरच्या कॉइलवर पांढरा थर. जाहिरातीत याच क्षारांना 'खनिजयुक्त' म्हणतात.

जपानी बांबू, कंदील आणि लाकडी बादल्या पुण्याने उचलल्या. चार ओळींचा तो फलक उचलला नाही. त्यासाठी वेगळ्या कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही, एक पांढरा बोर्ड आणि मार्कर पुरतो. सध्या दारावर लिहिलेले असते ते वेळा, दर, टोपी सक्तीची आणि मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही, एवढेच. पाणी कुठून आले, पूर्ण कधी बदलले आणि क्लोरिन शेवटचे कधी तपासले, हे काउंटरवर विचारावे लागते.