कामी आणि कामी: जपानीतला एक शब्द, दोन अर्थ

जपानमध्ये ख्रिस्ती धर्माबद्दल काही समजुती सर्रास आढळतात. येशू हा थोर माणूस होता, मेल्यावर देव झाला. मारिया ही ख्रिस्ती लोकांची देवी. या समजुतींना अज्ञान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, कारण खरा गोंधळ शब्दाने घातला आहे. जपानी बायबलमध्ये देवासाठी ‘कामी’ हा शब्द आहे, आणि जपानच्या परंपरागत शिंतो धर्माच्या देवळातला देवही कामीच. लिहिण्याचं चिन्हसुद्धा एकच.

शिंतो कामी म्हणजे काय, हे अठराव्या शतकातले विद्वान मोतोओरी नोरिनागा यांनी सांगून ठेवलं आहे. जे जे असामान्य आहे, ज्याचा मनाला धाक वाटतो, ते कामी. त्यात माणसं आली, पशुपक्षी, झाडं, समुद्र, डोंगरही आले. ते चांगलंच असेल असंही नाही. अशा कामींची संख्या शब्दशः ऐंशी लाख, म्हणजे अगणित.

माणसाचा कामी कसा होतो, हे सुगावारा नो मिचिझाने यांच्या कथेत दिसतं. हे दरबारातले मोठे विद्वान. कारस्थानामुळे त्यांना दूर दाझाइफूला धाडलं गेलं आणि ९०३ साली ते तिथेच वारले. पुढे त्यांच्या विरोधकांचे मृत्यू झाले, राजवाड्यावर वीज कोसळली. हा मिचिझानेंचाच कोप, असं मानून त्यांना शांत करण्यासाठी देऊळ बांधलं गेलं. आज ते तेन्जिन, विद्येचे कामी. परीक्षा जवळ आली की मुलं त्यांना साकडं घालतात. ज्यांच्या मनात ही कथा रुजली आहे, त्यांनी येशूला त्याच ओळीत बसवलं तर नवल काय!

ख्रिस्ती कामी मात्र एकच. डोंगर-समुद्र त्याने घडवले, पण ते म्हणजे तो नव्हे. माणूस कितीही थोर असला तरी मरून कामी होत नाही. येशूची वाट बरोबर उलटी: तिथे देव माणूस झाला, असं ख्रिस्ती श्रद्धा सांगते. मारिया देवी नाही. कॅथलिक तिला ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ अशी विनवणी करतात, प्रोटेस्टंट तेही करत नाहीत. शिंतोत तांदूळ आणि धंद्यासाठी इनारी, विद्येसाठी तेन्जिन, अशी वाटणी असते. त्यामुळे हॉटेलातल्या चॅपलमध्ये लग्न लावून घेणाऱ्यांना ख्रिस्ती देव हा लग्नाचा देव वाटला, तर तेही समजण्यासारखं आहे. अशा चॅपलला बहुधा स्वतःची भाविक मंडळी नसते आणि तिथे रविवारची उपासनाही होत नाही.

या गोंधळाचा पहिला अंक गोव्याहून सुरू होतो. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरले. सोबत होता आंजिरो, १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला जपानी. देवासाठी त्याने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. पण दाइनिची म्हणजे शिंगोन बौद्ध पंथाचा महावैरोचन बुद्ध! पाहुणे आलेले तेन्जिकूहून, म्हणजे बुद्धाच्याच भारतातून. ऐकणाऱ्यांना वाटलं, बौद्धांचाच एखादा नवा पंथ आला. यामागुचीत शिंगोन भिक्षूंना त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या श्रद्धेबद्दल, विचारल्यावर झेवियरना चूक कळली. त्यांनी ‘दाइनिचीला भजू नका’ असं सांगायला सुरुवात केली आणि लॅटिन ‘देऊस’ हाच शब्द धरला. विरोधकांनी त्याचं लगेच ‘दाइ उसो’ केलं, म्हणजे महाखोटं.

तरी माझ्या मते ‘देऊस’ धरण्याचा तो निर्णय प्रामाणिक होता. परका शब्द कानाला खटकतो, म्हणून ऐकणारा अर्थ विचारतो. ओळखीचा शब्द विचारूच देत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट भाषांतरकारांनी देवासाठी तेच चिन्ह वापरणाऱ्या चिनी बायबलच्या वाटेने जाऊन ‘कामी’ घेतला. कॅथलिक बराच काळ ‘तेन्शु’, म्हणजे स्वर्गाचा स्वामी, म्हणत राहिले. पुढे तेही ‘कामी’कडे वळले. नागासाकीच्या जुन्या चर्चचं नाव मात्र अजून ओउरा तेन्शुदोच आहे.