एपीएल : अडलेल्या पेशीला मोठं करणाऱ्या उपचाराची पार्श्वभूमी

कर्करोगाचा उपचार म्हणजे पेशी मारणं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. शस्त्रक्रिया, किरण, केमो, सगळ्यांचा रोख तोच. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात मात्र गाडी वेगळ्या रुळावरून गेली. तिथे पेशीला आधी मोठं, म्हणजे परिपक्व, केलं जातं आणि मग ती आपल्या मरणाने मरते. तो प्रकार म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या तोंडी नुसता एपीएल.

१९५७ साली नॉर्वेच्या लीफ हिलेस्टाड यांनी तीन रुग्णांवरून हा आजार वेगळा काढला. रुग्ण काही आठवड्यांतच दगावतो, हेच त्याचं ठळक लक्षण होतं. हाडांतल्या निरोगी मज्जेत पांढरी पेशी टप्प्याटप्प्याने घडते: मायलोब्लास्ट, मग कणांनी भरलेली प्रोमायलोसाइट, आणि आणखी काही पायऱ्यांनंतर जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल. एपीएलमध्ये हा प्रवास प्रोमायलोसाइटपाशीच थांबतो. पेशी वाढत राहतात, पण घडत नाहीत. मज्जेची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की काही पेशींत लालसर काड्यांची चक्क मोळी बांधलेली दिसते. ती एकदा पाहिलेला पॅथॉलॉजिस्ट विसरत नाही. याच पेशींतल्या द्रव्यांमुळे रक्त गोठण्याचं तंत्र कोलमडतं. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग उठतात आणि अनेकदा मेंदूतला रक्तस्राव जीव घेतो. १९७०च्या दशकात डॉनोरुबिसिन या केमोच्या औषधाने बरेच रुग्ण सुधारू लागले, पण औषधाने पेशी फुटल्या की सुरुवातीचे काही दिवस रक्तस्रावाचा धोका उलट वाढायचा.

उपायाचा धागा रक्तविज्ञानात सुरूच झाला नव्हता, तो निघाला आहारशास्त्रातून. १९२५ साली हार्वर्डच्या वोलबाख आणि होव यांनी उंदरांना अ जीवनसत्त्वाशिवाय वाढवलं. त्यांच्या श्वासनलिकेचं, मूत्राशयाचं ओलसर अस्तर जाऊन तिथे त्वचेसारखा कोरडा, जाड थर आला. जीवनसत्त्व पुन्हा दिल्यावर अस्तर पूर्ववत होऊ लागलं. १९५३ मध्ये केंब्रिजला ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी उलट बाजू दाखवली: कोंबडीच्या भ्रूणाच्या त्वचेला हे जीवनसत्त्व भरपूर मिळालं, तर त्वचाच चिकट स्राव करणारं अस्तर बनते. पेशीने पुढे काय व्हायचं हे ठरवण्यात अ जीवनसत्त्वाचा हात आहे, हे एव्हाना स्पष्ट झालं होतं. कर्करोगाशी त्याचा संबंध जोडायला मात्र वेळ लागला.

दरम्यान कर्करोगाची पेशी कायमची बिघडलेलीच असते का, हा प्रश्न अमेरिकेत बॅरी पिअर्स विचारत होते. १९६४ मध्ये क्लाइनस्मिथ यांच्यासोबत त्यांनी उंदराच्या एका ट्यूमरमधली एकेकच पेशी दुसऱ्या उंदरात रोवली. त्यातून वाढलेल्या गाठींत अनेक प्रकारच्या पूर्ण घडलेल्या, निरुपद्रवी ऊती सापडल्या. म्हणजे तीच पेशी योग्य वळणावर गेली तर शहाणी होऊ शकत होती. १९८० मध्ये ब्राइटमन आणि सहकाऱ्यांनी एचएल-६० या ल्युकेमियाच्या पेशींवर रेटिनोइक आम्ल, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारं आम्ल टाकलं आणि त्या परिपक्व झाल्या. या पेशी एपीएलच्या समजल्या जात होत्या. त्या मुळात वेगळ्याच प्रकारच्या ल्युकेमियाच्या निघाल्या, हे १९८८ मध्ये कळलं. तोवर चुकीच्या पेशींनी बरोबर वाट दाखवून झाली होती!

ती वाट रुग्णापर्यंत नेली शांघायच्या रुइजिन रुग्णालयातल्या वांग झेन्यी यांनी. त्वचारोगांसाठी तिथे ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल, म्हणजेच एट्रा, मिळत होतं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ते केमोला दाद न देणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलीला तोंडावाटे दिलं. ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अहवाल छापला: सगळ्यांच्या रक्तातून आजार हटला होता, एकालाच जोडीला थोडी केमो लागली होती, आणि मज्जा रिकामी न होता हे घडलं होतं. पेशी मेल्या नव्हत्या, मोठ्या झाल्या होत्या याचा पुरावाही रक्तातच दिसत होता. पूर्ण घडलेल्या न्यूट्रोफिलमध्ये जुन्या आजाराच्या त्या काड्या शिल्लक होत्या.

हे का घडतं, ते नंतर उलगडलं. जॅनेट राउली यांच्या गटाने १९७७ मध्येच दाखवलं होतं की एपीएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल होतात. १९९०च्या सुमारास तुटण्याची जागा सापडली आणि ती नेमकी रेटिनोइक आम्लाच्या ग्राहकाच्या, म्हणजे पेशीत ते आम्ल पकडणाऱ्या प्रथिनाच्या (रिसेप्टर), जनुकात होती. त्यातून दोन जनुकांचे तुकडे जोडून तयार होणारं जोडप्रथिन पेशीला घडवणारी जनुकं दाबून ठेवतं. शरीरातलं नेहमीचं आम्ल त्याला पुरत नाही, औषधाच्या मात्रेत दिलं की दाब सुटतो.

तरीही नुसत्या एट्रावर आजार उलटायचा. शिवाय झपाट्याने मोठ्या होणाऱ्या पेशींमुळे काहींना ताप, सूज आणि जीवघेणी धाप लागे. त्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जवळ ठेवावं लागतं. दुसरं औषध आलं चीनमधल्याच हार्बिनहून, आणि तेही सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष! १९७०च्या दशकात झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी एका गावठी औषधातला सोमल निवडून त्याचं इंजेक्शन बनवलं. हा सोमल जोडप्रथिनाचं दुसरं टोक पकडतो आणि प्रथिन नष्ट करवतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ मध्ये ७२ नव्या रुग्णांवर मुख्यतः फक्त सोमल वापरल्याचे निष्कर्ष मांडले. सुमारे ८६ टक्क्यांमध्ये आजार हटला. खर्चाचा विचार करता आपल्याकडे हे फार महत्त्वाचं होतं. यावरून कुणी वैदूची सोमलाची पुडी घ्यायला जाऊ नये. हे शुद्ध, मोजून दिलेलं, हृदयाचा आलेख तपासत दिलेलं औषध आहे.

२०१३ मध्ये फ्रान्चेस्को लो-कोको यांच्या गटाने एट्रा आणि सोमल यांची जोडी एट्रा-केमोशी ताडून पाहिली. कमी ते मध्यम जोखमीच्या रुग्णांत दोन वर्षांनंतर आजार न उलटता हयात असलेले ९७ टक्के होते, केमोच्या गटात ८६. आता मृत्यू होतात ते बहुतेक पहिल्या काही दिवसांत, रक्तस्रावाने, अनेकदा निदान होण्याआधी. म्हणूनच एपीएलची नुसती शंका आली तरी जनुकीय तपासणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता एट्रा सुरू करायची पद्धत आहे.