पिरॅमिड गुलामांनी बांधले नाहीत भाऊ

परवा गावच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला, इजिप्तचे पिरॅमिड लाखो गुलामांनी चाबकाचे फटके खात बांधले म्हणून. हे चूक हाय, अन् ज्यायनं ते उभे केले त्यायच्यावर अन्यायही हाय.

१९९० मध्ये गिझाच्या पिरॅमिडजवळ एक घोडा मातीत दबलेल्या जुन्या भिंतीला अडखळला, अन् तिथंच मजुरांच्या कबरी निघाल्या. इजिप्तचे पुरातत्त्व अभ्यासक झाही हवास यांच्या टीमनं खोदल्या तर आत मेलेल्यासाठी भाकरी-बियरची मडकी ठेवलेली, अन् कबर कुठं, तर राजाच्या पिरॅमिडच्या शेजारी! गुलामाले अशी जागा कोण देते सांगा? पाठीची हाडं झिजलेली होती, म्हणजे काम लय कष्टाचं, पण मोडलेली हाडं नीट जुळलेली, म्हणजे इलाजही होत होता. अमेरिकेचे पुरातत्त्व अभ्यासक मार्क लेहनर यांना जवळच मजुरांची वस्ती सापडली, बेकऱ्या अन् गायी-बकऱ्यांच्या हाडांसकट.

मंग २०१३ मध्ये लाल समुद्राच्या काठी मेरेर नावाच्या मुकादमाची साडेचार हजार वर्षं जुनी डायरी मिळाली, नाईल नदीपलीकडच्या तुरा नावाच्या जागेतल्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीनं गिझाला कसा नेला ते त्यात लिहून हाय.

आता राजाचा हुकूम आला की कामावर जावंच लागायचं, वेठीसारखं, असं बरेच अभ्यासक मानतात, त्यामुळं सगळे मर्जीनं आले असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडं कापूस वेचाले टोळ्या निघतात तशा त्यायच्याही टोळ्या होत्या, अन् एका टोळीनं तर ‘खुफूचे दोस्त’ (खुफू म्हणजे ज्याच्यासाठी गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधला तो राजा) असं आपलं नाव त्या मोठ्या पिरॅमिडच्या आत दगडावर लिहून ठेवलं, ते अजून दिसते.