फाँतेनब्लोच्या अरण्यातील दोन वाटा: राजांचे शिकाररस्ते आणि देनकूरच्या निळ्या पायवाटा

पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ६० किलोमीटरवर फाँतेनब्लोचा राजवाडा आहे, आणि त्याच्या गावाला वेढून सुमारे १७,००० हेक्टरांचे सरकारी अरण्य पसरलेले आहे. बाराव्या शतकापासून फ्रान्सचे राजे येथे मुक्कामाला येत. १५२८ पासून पहिल्या फ्रान्स्वाने मध्ययुगीन गढीचा कायापालट करून आजचा वाडा उभारायला घेतला, सतराव्या शतकाच्या आरंभी चौथ्या हेन्रीने वाड्यापुढे १.२ किलोमीटर लांबीचा कालवा खोदवला, आणि एप्रिल १८१४ मध्ये पदत्याग केलेल्या नेपोलियनने घोड्याच्या नालेच्या आकाराच्या प्रसिद्ध जिन्यासमोर आपल्या रक्षकदलाचा निरोप घेतला. एवढा इतिहास पाहून जो पाहुणा अरण्यात शिरतो, त्याला तेथील प्रत्येक वाट राजांनीच पाडली असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या अरण्यात वाटांची दोन जाळी एकमेकांवर अंथरलेली आहेत. त्यांचा काळ वेगळा आहे, ती आखणाऱ्यांचा हेतू वेगळा आहे, आणि चालणाऱ्याला ती देतात तो अनुभव तर अगदीच वेगळा आहे. त्यांतला फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक दिवसभर रुंद, सरळ, रेताड रस्त्यांवरून चालतात आणि अरण्य एकसुरी असल्याचे मत घेऊन परततात, याचे मला वाईट वाटते.

आधी राजांच्या रस्त्यांविषयी. फ्रेंच दरबाराची आवडती शिकार कुत्रे आणि घोडे घेऊन केलेली पाठलागाची शिकार होती. शिकारी कुत्र्यांचा कळप एखाद्या शिंगाळ नर हरणाच्या मागे लागे, घोडेस्वार कुत्र्यांच्या मागे धावत, आणि हरीण थकून उभे राहीपर्यंत हा पाठलाग कित्येक तास चाले. कळप कोठे पोहोचला आहे हे कर्ण्याच्या आवाजावरून ओळखावे लागे. दाट झाडीत असा पाठलाग करणे अवघड, म्हणून राजांनी अरण्य सरळ रेषांनी चिरले. लांबच लांब रस्ते काढून ते ठिकठिकाणी एका बिंदूत आणून मिळवले. सहा-आठ रस्ते जेथे भेटतात अशा तारकाकृती चौकात उभे राहिले की प्रत्येक दिशेला दूरवर नजर जाते, आणि हरीण नेमका कोणता रस्ता ओलांडून गेले ते लगेच दिसते. दरबारातील स्त्रिया आणि वृद्ध गाडीत बसून शिकारीच्या मागोमाग जात, त्यांच्यासाठीही रस्ता रुंद आणि सपाट लागे. चौथ्या हेन्रीच्या काळातील ‘रूत राँद’ हा अरण्याला वळसा घालणारा रस्ताही मुळात शिकारीसाठीच होता. ताज्या दमाचे घोडे आणि कुत्रे त्याच्यावर टप्प्याटप्प्याने उभे करून ठेवता येत. चौदावा लुई बहुतेक दर वर्षी शरद ऋतूत दरबारासह येथे येत असे, आणि त्याच्या व पुढच्या राजांच्या काळात हे जाळे आणखी दाट होत गेले.

या रस्त्यांच्या अनेक चौकांना ‘क्र्वा’, म्हणजे क्रूस, या शब्दाने सुरू होणारी नावे आहेत, आणि काही ठिकाणी क्रूस आजही उभे आहेत. पॅरिसच्या रस्त्यावरचा ‘क्र्वा द्यु ग्राँ व्हनर’ हा चौक एका काळ्या भुताळी शिकाऱ्याच्या आख्यायिकेसाठी ओळखला जातो. त्याच्या कुत्र्यांचा आणि कर्ण्याचा आवाज खुद्द चौथ्या हेन्रीने ऐकला, असे सांगतात.

निळ्या पायवाटांची जन्मकथा राजवाड्यापासून फार दूरची आहे. क्लोद-फ्रान्स्वा देनकूर याचा जन्म १७८८ मधला. तो नेपोलियनच्या सैन्यात होता, लढाईत जखमी झाला, आणि पुढे १८३२ मध्ये फाँतेनब्लोला येऊन लष्करी बराकीवर पहारेकरी म्हणून काम करू लागला. राजकीय मतांमुळे ती नोकरी गेली. मनाने खचलेला हा माणूस अरण्यात हिंडू लागला, आणि हिंडता हिंडता त्याला दिसले की शिकाररस्ते ज्या जागा टाळून जातात तेथेच या अरण्याचे खरे वैभव दडलेले आहे: वालुकाश्माच्या प्रचंड शिळांचे ढीग, त्यांच्यामधल्या घळी, कपारींत वाढलेले नेचे, शेकडो वर्षांचे ओक, आणि माथ्यावरून दिसणारे झाडांचे अथांग पठार. घोड्याला त्या जागा निरुपयोगी होत्या, कारण शिळांच्या गर्दीत घोडा चालत नाही. पायी माणूस मात्र तेथे जाऊ शकत होता, फक्त त्याला वाट दाखवणारे कोणी हवे होते.

१८४२ मध्ये देनकूरने पहिली पायवाट आखली. त्याची पद्धत राजांच्या नेमकी उलट होती. राजाचा आखणीकार नकाशावर पट्टी ठेवून दोन बिंदू सरळ रेषेने जोडत असे, तर देनकूर आधी प्रेक्षणीय जागा हेरून ठेवी आणि मग एका जागेवरून दुसरीकडे नेणारी वळणावळणाची वाट शोधून काढी. वाट अडली तर तो दगड फोडून पायऱ्या करी, दोन शिळांमधली माती उपसून माणूस वाकून जाईल एवढी फट मोकळी करी, कोठे गुहा कोरी, कोठे झरा बांधून काढी. झाडांना आणि खडकांना त्याने नावे दिली, दिशा दाखवण्यासाठी निळ्या खुणा रंगवल्या, आणि मजुरांची मजुरी बरीचशी स्वतःच्या शिलकीतून भागवली. सुरुवातीची कामे तर त्याने वनखात्याची रीतसर परवानगी न घेताच केली. खर्च भरून निघावा म्हणून तो मार्गदर्शक पुस्तिका आणि नकाशे विकत असे. १८४९ मध्ये पॅरिसहून रेल्वे आली आणि त्या पुस्तिका हातात घेऊन शहरी माणसे रविवारी अरण्यात येऊ लागली. १८७५ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे १५० किलोमीटरच्या पायवाटा तयार होत्या. त्याचे काम शार्ल कोलिने याने पुढे नेले, आणि १९०७ मध्ये स्थापन झालेली ‘अरण्यमित्र’ मंडळींची संस्था त्या वाटांची देखभाल आजही करते.

त्या काळी सर्वांनाच हे काम रुचले नाही. अरण्याच्या कडेला बार्बिझाँ गावात राहून निसर्गचित्रे काढणाऱ्या चित्रकारांना रंगवलेल्या खुणा आणि हौशी लोकांची वर्दळ खुपत असे. त्यांचा मोठा लढा मात्र वृक्षतोडीविरुद्ध होता. जुने ओक तोडून पाइनची लागवड करण्याला तेओदोर रूसो आणि त्याच्या सोबत्यांनी विरोध केला. त्याचे फळ म्हणून १८५३ मध्ये ६२४ हेक्टर भाग तोडीतून वगळण्यात आला आणि १८६१ च्या हुकमाने ‘कलात्मक’ म्हणून राखलेले क्षेत्र १,०९७ हेक्टर झाले. जगातील पहिले मानले जाणारे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले ते १८७२ मध्ये, हे लक्षात घेतले तर या हुकमाचे महत्त्व कळते. चित्रकारांची देनकूरविषयीची तक्रार मी खोटी मानत नाही, तरीही माझा कौल देनकूरच्या बाजूने आहे. जे अरण्य राखायचे ते हजारो सामान्य माणसांनी आपल्या पायांनी अनुभवलेले असणे हेही त्याचे संरक्षणच असते.

प्रत्यक्ष जागेवर फरक कसा दिसतो, हे फ्रांशारच्या घळीजवळ नीट कळते. बाराव्या शतकात येथे एका साधूचा आश्रम होता, त्याचे अवशेष आहेत. आश्रमाकडे येणारा रस्ता रुंद आणि वाळूचा आहे, दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा असून चौकात रस्त्याच्या नावाची पाटी आहे. काही पावले पुढे गेल्यावर एका खोडावर, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, बोटभर लांबीची निळी पट्टी दिसते, आणि तेथून वाट एकाएकी अरुंद होऊन शिळांत शिरते. पुढची खूण वळण घेतल्याशिवाय दिसत नाही. दगडात कोरलेल्या पायऱ्यांच्या कडा लाखो पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. एके ठिकाणी खांदे तिरके करून पुढे सरकावे लागते, आणि बाहेर येताच खाली सगळी घळ उघडी होते. अशा जागांजवळ निळा तारा किंवा निळे अक्षर रंगवलेले असते, आणि मार्गदर्शक पुस्तिकेत त्या अक्षराखाली त्या जागेची माहिती मिळते. याच परिसरात ‘रडणारा खडक’ आहे, ज्यातून झिरपणाऱ्या पाण्याने डोळ्यांचे विकार बरे होतात अशी पूर्वीच्या यात्रेकरूंची श्रद्धा होती.

येथे आणखी एक गोंधळ होतो, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या भटक्यांचा तो हमखास होतो. सह्याद्रीत खडकावर रंगवलेला बाण दिसला की वाट तिकडे आहे असे आपण धरून चालतो. फाँतेनब्लोच्या शिळांवरही पिवळे, नारिंगी, निळे, लाल असे छोटे बाण आणि त्यांच्याशेजारी आकडे असतात, पण ते चालणाऱ्यांसाठी नाहीत. दोराशिवाय शिळा चढण्याच्या खेळासाठी हे अरण्य जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्या खेळाचे ठरावीक क्रम या बाणांनी दाखवतात. १९४७ पासून ही प्रथा येथे रुजली. पिवळा सोपा, नारिंगी त्याहून कठीण, मग निळा आणि लाल असा चढता क्रम असतो. म्हणून खडकाच्या पायथ्याशी आकड्यासह वर रोखलेला निळा बाण दिसला तर त्याच्यामागे जाऊ नये आणि आपली निळी पट्टी पुन्हा शोधावी. पाऊस पडून गेल्यावर तर या शिळांवर मुळीच चढू नये. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो, त्याचा वरचा कठीण थर तुटतो, आणि एकदा तुटलेली पकड पुन्हा येत नाही. याखेरीज पांढऱ्या-लाल पट्ट्या लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय मार्गांच्या आहेत आणि पांढऱ्या-हिरव्या पट्ट्या अरण्याला प्रदक्षिणा घालणाऱ्या मार्गाच्या. त्या कधी शिकाररस्त्यावरून, कधी पायवाटेवरून जातात.

वेळेचा हिशोब करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. शिकाररस्त्यावर ताशी पाच किलोमीटर सहज होतात, फक्त उन्हाळ्यात कोरड्या वाळूत पाय रुततात. निळ्या वाटेवर त्याच अंतराला जवळपास दुप्पट वेळ धरावा. अरण्याची उंची समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्याही आत असली तरी एका ढिगावर चढणे, उतरणे आणि लगेच दुसऱ्यावर चढणे असा प्रकार सतत चालू राहतो, आणि गुडघ्यांना तो जाणवतो. पाणी सोबत घेणे दोन्हीकडे आवश्यक आहे, कारण वाळू पाऊस गिळून टाकते आणि एवढ्या विस्तीर्ण अरण्यात वाहता ओढा मिळत नाही. लहान मूल ढकलगाडीत असेल किंवा सायकल असेल तर राजांचे रस्ते घ्यावेत. निळ्या वाटांवर सायकल नेऊ नये, कारण त्या चाकाखाली झिजतात.

फाँतेनब्लोच्या इन्सेआड या व्यवस्थापन संस्थेत भारतातूनही विद्यार्थी येतात, त्यांच्या तर हे अरण्य दारातच आहे. पॅरिसहून येणाऱ्याने गार द लियाँ स्थानकातून आर मार्गाची गाडी घेतली की सुमारे ४० मिनिटांत फाँतेनब्लो-आव्हाँ स्थानक येते. शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळच्या काही गाड्या त्याच्या आधी अरण्यातच असलेल्या एका छोट्या थांब्यावर भटक्यांना उतरवतात. परतीची गाडी मात्र त्या थांब्यावर मिळत नाही, आव्हाँलाच यावे लागते. म्हणून दिवसाची आखणी अशी करावी की सकाळचे ताजे पाय निळ्या वाटेला द्यावेत, आणि दुपार कलली की जवळच्या चौकात येऊन पाटी वाचावी व सरळ शिकाररस्त्याने गावाकडे निघावे. अरण्याचे क्रमांक दिलेले विभाग आहेत आणि ते क्रमांक ठिकठिकाणी लावलेले असतात. वाट चुकल्यास किंवा कोणाला दुखापत झाल्यास फोनवर तो क्रमांक सांगितला तर मदत लवकर पोहोचते. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात काही दिवशी येथे अजूनही शिकार चालते, त्यामुळे त्या दिवसांत निघण्यापूर्वी वनखात्याने जाहीर केलेल्या तारखा आणि विभाग पाहून घ्यावेत, आणि वाटेवर शिकारीची सूचना लावलेली दिसली तर तो भाग टाळून दुसऱ्या घळीकडे वळावे.